लहान मेंदूत ओपिऑइड नेमकं कुठे काम करतं? माऊसवरच्या प्रयोगाची मांडणी

मॉर्फिन टोचलं आणि सेरिबेलममधला (लहान मेंदूतला) स्पर्शाचा सिग्नल घटला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मॉर्फिनने श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मोठ्या मेंदूचा कॉर्टेक्सही दबतो. म्हणून औषध थेट सेरिबेलमच्या पृष्ठभागावर सोडा, आणि मॉर्फिनऐवजी डॅमगो हा निवडक म्यू-अ‍ॅगोनिस्ट (ओपिऑइडच्या म्यू-रिसेप्टरलाच चालना देणारं पेप्टाइड) घ्या. (मॉर्फिन वापरायचं तर एनडीपीएस या अमली पदार्थ कायद्याची कागदपत्रंही आलीच.) संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी अर्थातच आधी.

भूल यूरेथेनची, किलोमागे 1.3 ग्रॅम, पोटात टोचून. यूरेथेन कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, आणि या भुलेतून प्राणी पुन्हा जागा करायचा नाही. शरीराचं तापमान 37 अंशांवर धरून ठेवा. ते घसरलं की प्रतिसाद उशिरा येतो आणि तो औषधाचाच परिणाम वाटतो. सेरिबेलमच्या क्रस 2 या भागावर कवटीत 1 ते 1.5 मिमीची खिडकी करा, ड्युरा (मेंदूवरचं बाहेरचं आवरण) काढा, ऑक्सिजन दिलेलं एसीएसएफ (मेंदूभोवतीच्या द्रवासारखं कृत्रिम द्रावण) मिनिटाला 0.5 मिली वाहतं ठेवा.

हवेची फुंकर त्याच बाजूच्या मिशांच्या मुळाशी, 10 मिलिसेकंद, दर 20 सेकंदांनी एकदा. व्हॉल्व्हचा टक् आवाज हाही एक स्टिम्युलसच असतो. नळी चेहऱ्यापासून दूर वळवून तीच फुंकर द्या. तरीही प्रतिसाद आला तर तो कानाचा आहे.

इलेक्ट्रोडच्या नोंदीत मॉलिक्युलर थरात (सेरिबेलमच्या सर्वांत वरच्या थरात) आधी उत्तेजनाची लाट एन1, मग दमनाची लाट पी1 दिसते. 20 मायक्रोमोलर गॅबाझीन (दमन करणारे गाबा-ए रिसेप्टर अडवणारं औषध) दिल्यावर पी1 जायला हवी. त्याखालच्या ग्रॅन्युल थरात बहुधा दोन लाटा येतात: पहिली ट्रायजेमिनलकडून (चेहऱ्याच्या संवेदनेच्या मार्गाने) थेट, दुसरी कॉर्टेक्स आणि मेंदूच्या बुंध्यातल्या पॉन्समार्गे. मॉर्फिनच्या इंजेक्शननंतर फक्त दुसरीच घटली, तर दोष सेरिबेलमवर ढकलू नका.

डॅमगोचा 1 मिलिमोलर साठा पाण्यात करा, लहान भागांत −20 अंशांवर ठेवा, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. पेप्टाइड नळीला चिकटतं, त्यामुळे 0.1% बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) लागतं, आणि ते कंट्रोलच्या द्रावणातही हवं. कार्बोजन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) आधी सोडून घ्या, बीएसए नंतर मिसळा. क्रम उलटला की सगळा फेस. दहा मिनिटं बेसलाइन, मग 10 मायक्रोमोलर डॅमगो, मग सीटॅप (म्यू-रिसेप्टर अडवणारं औषध). डॅमगो धुऊन निघायला वेळ लागतो, त्यामुळे नुसत्या वॉशआउटवर विसंबू नका. वेगळ्या प्राण्यात सीटॅप आधी द्या. तिथे डॅमगोचा परिणाम दिसता कामा नये.

सिग्नल प्रीसिनॅप्टिक (पाठवणाऱ्या पेशीच्या टोकाशी) घटला की पोस्टसिनॅप्टिक (घेणाऱ्या पेशीत), हे जिवंत प्राण्यात ठरवणं अवघड, कारण पहिल्या फुंकरीने सुरू झालेलं दमन दुसरीला आधीच दाबून टाकतं. त्यासाठी सेरिबेलमचे 250 ते 300 मायक्रॉनचे स्लाइस घ्या, डॅमगो 1 मायक्रोमोलर. 50 मिलिसेकंद अंतराने दोन पल्स द्या. पहिला प्रतिसाद घटून पेअर्ड-पल्स रेशो (दुसऱ्या प्रतिसादाचं पहिल्याशी प्रमाण) वाढला, तर न्यूरोट्रान्समीटर कमी सुटतोय: ओपिऑइड रिसेप्टरला जोडलेल्या जीआय-ओ प्रोटीनमुळे कॅल्शियम चॅनेल दबल्याची ही नेहमीची खूण. रेशो तसाच राहून होल्डिंग करंट (पेशीचा व्होल्टेज स्थिर धरायला लागणारा प्रवाह) बाहेरच्या दिशेने सरकला, तर जीआयआरके या पोटॅशियम चॅनेलचा संशय घ्या.

काहीच दिसलं नाही तर? उंदरांच्या सेरिबेलममध्ये म्यू-रिसेप्टर विरळ असतात, माणसात बऱ्यापैकी. म्हणून माऊसमधला नकार माणसाला लावू नका.

जीआयआरकेची खात्री ते अडवणाऱ्या 200 मायक्रोमोलर बेरियमने होते. मात्र त्या दिवशीच्या एसीएसएफमधून फॉस्फेट वगळा आणि मॅग्नेशियम सल्फेटऐवजी क्लोराइड घाला, नाहीतर बेरियमचा साका बसतो आणि चेंबरपर्यंत ते पोचतच नाही.