जवारी केळीची टिश्यू कल्चर रोपं: पहिली बाटली भरण्याआधी

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवणं. त्यासाठी हार्मोन मागवायची घाई नको, आधी बाग हिंडा. मातृझाड घड तयार असतानाच निवडा, म्हणजे फण्या आणि खोड दोन्ही पारखता येतात. पानाच्या देठावर गडद हिरव्या तुटक रेघा किंवा शेंड्याला ताठ, अरुंद पानांचा झुबका दिसला, तर तो पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग. त्या झाडाचा मुनवा (बुंध्याशी फुटणारं पिल्लू) घेऊच नका. दिसायला निरोगी झाडाचीही विषाणू तपासणी करून घ्या. निर्जंतुकीकरणाने वरची बुरशी मरते, आतला विषाणू मरत नाही, आणि एका मुनव्यातून तो कित्येकांच्या रानात जाऊन बसतो. या तपासणीचा खर्च वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग मीडियम, म्हणजे बाटलीत रोप ज्यावर वाढतं ते पोषक मिश्रण. मुराशिगे आणि स्कूग यांचं 1962 चं एमएस मीडियम केळीला चालतं. लिटरला साखर 30 ग्रॅम, मिश्रण घट्ट करणारं अगार 7-8 ग्रॅम. पीएच 5.8 वर आणायचा तो अगार घालण्याआधी. 100 मिलिग्रॅम बीएपी हार्मोन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या थेंबांत विरघळवून पाण्याने 100 मिलि करा. याचे 4 मिलि म्हणजे 4 मिलिग्रॅम. फुटवे बीएपीने येतात, मुळं आयबीए या हार्मोनने. दोन्ही स्टॉकवर (तयार द्रावणांवर) नाव-तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. फुटवे जास्त हवेत म्हणून बीएपी वाढवत नेऊ नका, रोपं खुजी आणि विचित्र निघतात. त्याच कारणाने आठ सबकल्चरच्या (फुटवे कापून नव्या मीडियममध्ये लावायच्या फेऱ्यांच्या) पुढे जाऊ नये.

ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंशांवर, 15 पौंड दाबाने, वीस मिनिटं. मध्येच करंट गेला तर वेळ पहिल्यापासून मोजा. लॅमिनारला (गाळलेल्या स्वच्छ हवेत काम करायच्या टेबलाला) इन्व्हर्टर हवाच. भरलेल्या बाटल्या तीन-चार दिवस तशाच ठेवून बघा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशी लपत नाही. कापलेला कंद काळा पडतो, म्हणून ॲस्कॉर्बिक ॲसिडचं द्रावण हाताशी असू द्या.

हार्डनिंगची (बाटलीतली रोपं बाहेरच्या हवेला सरावायची) जागा मात्र मुळं फुटायच्या आधीच तयार पाहिजे: शेडनेट, कोकोपीट, फॉगर. मुळांवरचं अगार धुऊन काढा, त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात पहिले आठवडे प्लॅस्टिकचा बोगदा लागेल. खानापुरात उलट, पाणी साचणार नाही एवढं बघा.