डिसेंबरमधला फंडाचा नफा आणि ईटीएफची वाट

अमेरिकेतल्या करपात्र खात्यात म्युच्युअल फंड असेल, तर नोव्हेंबरमध्येच फंड कंपनीच्या संकेतस्थळावर भांडवली नफावाटपाचा (फंडाने शेअर विकून मिळवलेला नफा गुंतवणूकदारांना वाटण्याचा) अंदाज पाहा. त्यात प्रति युनिट रक्कम आणि एक्स-डेट (ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला ते वाटप मिळत नाही) मिळेल.

समजा, ५० डॉलर एनएव्हीचे (एका युनिटच्या किमतीचे) २०० युनिट घेतले आणि आठवड्याने प्रति युनिट ५ डॉलर दीर्घकालीन नफा वाटला गेला. एनएव्ही ४५ वर येते, हाती १,००० डॉलर येतात. एकूण संपत्ती तेवढीच. पण १५ टक्के दराने १५० डॉलर कर लागतो, रक्कम पुन्हा गुंतवली तरीही! म्हणून नवी खरेदी एक्स-डेटनंतरच करावी. पुन्हा गुंतवलेली रक्कम खरेदी किमतीत मिळवायला विसरू नका, नाहीतर विकताना त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भराल.

ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडात, हा त्रास बराच कमी. मोठे मध्यस्थ युनिट परत करतात तेव्हा फंड रोखीऐवजी शेअर देतो, त्यामुळे फंडाच्या हाती करपात्र नफा सहसा उरत नाही. लाभांशावर मात्र कर लागतोच.

घाईने फंड विकून ईटीएफ घेऊ नका. आधी विक्रीवरचा कर आणि वाटपावरचा कर शेजारी मांडा. तोट्यात असाल तर विकणे सोपे. फक्त विक्रीच्या आधी-नंतर ३० दिवसांत तोच फंड घेऊ नका, स्वयंचलित पुनर्गुंतवणूकही थांबवा, नाहीतर तो तोटा करात लगेच धरता येत नाही. आयआरए किंवा ४०१(के) या निवृत्ती खात्यांतल्या फंडासाठी हे वाटपाच्या कराचे गणित करायची गरज नाही.