पलटणीतून घरी आल्यावर जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी: तयारीची यादी

वसुलीसाठी फोन करणारा माणूस म्हणेल, ‘साहेब, आज फक्त पाचशे टाका, खातं चालू दाखवतो, बाकीचं मग बघू.’ त्या दिवशी पाचशे काय, पाच रुपयेही टाकायचे नाहीत. जुन्या कार्डाच्या भानगडीत पैसे सगळ्यात शेवटी येतात. आधी तारखा गोळा करायच्या. शेवटचा भरणा कधी झाला, थकबाकी कधीपासून धरली, बँकेने खातं राइट-ऑफ (बुडीत म्हणून हिशेबातून बाजूला) कधी केलं, आणि ते वसुलीसाठी दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर कधी, या चार तारखा एका कागदावर आल्याशिवाय कुणाशी आकड्याचं बोलणं नको.

सुरुवात मोबाइल नंबरापासून. कार्ड बहुतेक वेळा युनिटमध्ये पगाराच्या खात्याबरोबर घेतलेलं असतं आणि त्याला जोडलेला नंबर आज चालू नसतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तिथे पोस्टिंग झालं की जवान तिथलं सिम घेतो, गावचा नंबर पडून राहतो, बंद होतो आणि पुढे कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते. तेव्हापासून कार्डाचे मेसेज भलत्याच माणसाकडे. पत्ता ‘५६ एपीओ’चा, म्हणजे लष्करी टपालाचा, आणि युनिट हललेलं, म्हणून कागदी स्टेटमेंटही हाती येत नाही. तेव्हा बँकेच्या शाखेत स्वतः जा, आधार, पॅन आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स लावून नंबर, ईमेल आणि पत्ता बदलायचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. अर्जात पत्त्याचंच लिहा. ‘माझ्याकडे बाकी आहे, ती मी भरणार आहे’ असं एक वाक्यही त्यात नको.

मग क्रेडिट रिपोर्ट. देशात चार कंपन्या हा रिपोर्ट देतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीत दिसणारं खातं दुसरीत कधी कधी वेगळ्या आकड्याने दिसतं. स्कोअर मोठ्या अक्षरात छापलेला असतो, पण आत्ता तो कामाचा नाही. खाली जाऊन प्रत्येक खात्याची शेवटच्या भरण्याची तारीख, थकीत दिवसांचा रकाना, राइट-ऑफची रक्कम आणि आजचा सावकार कोण, एवढं उतरवून घ्या. बँकेच्या नावाच्या जागी मालमत्ता पुनर्रचना कंपनीचं (थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीचं) नाव दिसलं, तर कर्ज विकलं गेलं आहे.

इथे पुष्कळांना धक्का बसतो तो कधी न वापरलेल्या कार्डाचा. ‘पहिलं वर्ष फुकट’ म्हणून घेतलेल्या कार्डाची दुसऱ्या वर्षी फी लागते, समजा ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. डिस्चार्जनंतर पगाराचं खातं रिकामं किंवा बंद, ऑटो-डेबिट परत गेलेलं, मग उशिराचा दंड, मग दंडावर जीएसटी. रक्कम किरकोळ, पण रिपोर्टमध्ये ती थकबाकीच. नोंद चुकीची असेल तर त्या क्रेडिट कंपनीकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लावावा लागतो; त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आकडा कसा फुगतो हे समजल्याशिवाय वाटाघाटीला बसू नका. महिना ३.५ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२. बाकी ६०,००० असेल तर महिन्याचं व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८. किमान भरणा पाच टक्के धरला तर ३,००० होतात, आणि त्यातले २,४७८ व्याज-करातच जातात. मुद्दल उतरतं ५२२. सेवेत असताना वर्षानुवर्षं ‘मिनिमम’ भरूनही बाकी जिथल्या तिथे का राहिली, त्याचं उत्तर एवढंच. म्हणून बँकेकडून थकण्याआधीच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं आणि आजच्या मागणीची फोड लेखी मागा: मुद्दल किती, व्याज किती, दंड आणि कर किती. न भरलेले दंड आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनी मनाई केली आहे. फोड तपासताना बोट आधी तिथे ठेवा. ‘३० टक्क्यांवरचं व्याज बेकायदा’ हा मुद्दा मात्र काढू नका. ती मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केली. जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबून बोलायला गेलात तर समोरचा तिथेच तुम्हाला जोखतो.

आता कोर्ट. हे काम सगळे टाळतात, आणि घरचं जमीन-जुमला अडकतो तो इथेच. ई-कोर्ट्स ॲपवर गावचा जिल्हा, शेवटच्या पोस्टिंगचा जिल्हा आणि कार्ड जिथून निघालं ते शहर, या तिन्ही ठिकाणी स्वतःच्या नावाने शोधा. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहा. आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावासह, नावाशिवाय. दावा सापडला तर केस नंबर घेऊन नक्कल अर्ज करा. समन्स कुठे आणि कसं बजावलं हा कागद तुम्हाला हवा आहे. प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २८ मध्ये स्पष्ट आहे. प्रत्यक्षात बेलीफ गावी येतो, ‘घर बंद’ असा शेरा मारतो, दाराला समन्स चिकटवतो आणि दावा एकतर्फी निकाली निघतो. तुम्ही तेव्हा सेवेत होतात हे दाखवता आलं, तर तो निकाल रद्द करून घेण्याला बळकट आधार मिळतो. अर्ज आदेश ९, नियम १३ खाली. मुदत ३० दिवस, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर ती निकाल कळला त्या दिवसापासून धरतात. म्हणजे ॲपवर निकाल दिसला की घड्याळ सुरू झालं. ‘दिवाळीनंतर बघू’ चालणार नाही. त्या काळातल्या पोस्टिंगचा दाखला रेकॉर्ड ऑफिसातून मागवा: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. पत्रात आर्मी नंबर, रँक, ट्रेड आणि नेमका कालावधी लिहा, नाहीतर उत्तरात फक्त सेवेची सुरुवात आणि शेवट येतो.

हुकूमनामा (पैसे भरण्याचा कोर्टाचा आदेश) झालेला असेल तर त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, १२ वर्षांपर्यंत लावता येते. तिथे दावा लावण्याच्या तीन वर्षांच्या मुदतीची ढाल उपयोगी नाही.

हुकूमनामा नसेल तर ती तीन वर्षं मोजायची. अशा कर्जाचा दावा लावायला मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साधारणपणे तीन वर्षं मिळतात. मुदत संपायच्या आत सही करून कर्ज कबूल केलं (कलम १८) किंवा सहीनिशी काही रक्कम भरली (कलम १९) तर मोजणी पुन्हा शून्यापासून. मुदत उलटल्यावर नुसत्या भरण्याने दावा जिवंत होत नाही. पण ‘मी इतके भरीन’ असं लेखी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा करारच होतो. फोनवरच्या पाचशे रुपयांमागचं आणि ‘एवढ्या फॉर्मवर सही करा’ यामागचं इंगित हे. फौजींसाठी यात एक वेगळी गाठ आहे आणि ती वकिलांच्याही नजरेतून सुटते. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ च्या कलम ११ नुसार युद्धपरिस्थिती, परदेशातली तैनाती अशा कायद्याने ठरवलेल्या विशेष परिस्थितीतल्या सेवेचा काळ मुदतीतून वगळला जातो, आणि तो सैनिकाने लावलेल्या दाव्यातच नव्हे, सैनिकावर लावलेल्या दाव्यातही. म्हणजे साध्या कॅलेंडरवर मुदतबाह्य दिसणारं कर्ज तुमच्या बाबतीत मुदतीत असू शकतं. पोस्टिंगच्या तारखा वकिलासमोर ठेवूनच ‘मुदत संपली’ म्हणा. मुदत संपली तरी बाकी रिपोर्टमधून आपोआप पुसली जात नाही, हेही धरून चाला.

पैसे कुठे ठेवायचे? सेवेत असताना दिवाणी हुकूमनाम्यापोटी पगार जप्त होत नव्हता, ते आर्मी ॲक्टच्या कलम २८ मुळे. घरी आल्यावर पेन्शनला संरक्षण आहे ते पेन्शन्स ॲक्ट, १८७१ च्या कलम ११ चं. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये सुरक्षित आहेत. पण त्याच पैशांतून प्लॉट घेतला की प्लॉट साधी मालमत्ता झाली. दुसरा धोका कोर्टाबाहेरचा. कार्डाच्या करारात बहुधा अशी अट असते की त्याच बँकेतल्या ठेवीतून बाकी वळती करून घेता येईल. म्हणून ज्या बँकेचं कार्ड थकलं आहे तिथे पेन्शन, फंड किंवा एफडी ठेवू नका. ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर पेन्शनचं खातं बदलून घ्या आणि ते जमा होऊ लागल्याची खात्री झाल्यावरच वाटाघाटी सुरू करा. अग्निवीराला पेन्शन नाही, सेवानिधीची एकरकमी रक्कमच काय ती हाती, त्यामुळे त्याने ही काळजी दुप्पट घ्यावी.

या सगळ्या काळात फोन येत राहतील. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला बजावलं आहे. ‘पेन्शन बंद करतो’ ही पोकळ धमकी. कार्डाच्या बँकेच्या हातात ते नाही. ‘पोलीस पाठवतो’ हीही तशीच, कारण नुसती थकबाकी हा दिवाणी मामला आहे. तारीख, वेळ, नंबर आणि वाक्य वहीत टिपा, बँकेला लेखी तक्रार करा; ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तक्रार फुकट आहे, माहितीसाठी १४४४८. लोकअदालतीची दावापूर्व नोटीस आली तर ती समन्स समजून घाबरू नका. तिथे सही केल्याशिवाय काही ठरत नाही, पण सही केली की तो हुकूमनामा, आणि त्यावर अपील नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (१५१००) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, दोन्ही दारं ठोठवा.

बोलणी करताना मुद्दलापासून सुरुवात करा, एकूण मागणीतून सवलत मागू नका. तिथून सुरुवात केली की फुगलेला आकडा मान्य केल्यासारखं होतं. आमचं मत विचाराल तर बाकी दहा-पंधरा हजारांच्या आत असेल तेव्हा सेटलमेंटच्या नादी लागू नये, दंड माफ करून घेऊन पूर्ण भरावी. सेटलमेंटनंतर रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, पूर्ण भरल्यावर ‘क्लोज्ड’, आणि पुढे घरकर्जाला गेलात की या दोन शब्दांतलं अंतर कळतं. तडजोड केल्यावर तीच बँक किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही. पत्र लेटरहेडवर हवं, त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, भरायची शेवटची तारीख, ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द, दावा असेल तर तो मागे घेण्याची हमी. कर्ज विकलेलं असेल तर विक्रीचं पत्रही मागा, नाहीतर पैसे एकाला आणि तगादा दुसऱ्याचा. पुढच्या तारखांचे चेक देऊ नका: चेक परतला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली गुन्हा, आणि हप्त्याचं ई-मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) परतलं तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तसाच गुन्हा. जमत असेल तर एकरकमी, बँकेच्या खात्यात, आरटीजीएस किंवा एनईएफटीने. वसुलीवाल्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही.

भरल्यावर बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) घ्या आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, पुढे दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. दीड महिन्याने चारही रिपोर्ट पुन्हा तपासा. माजी सैनिकांच्या कोट्यातून बँकेत क्लार्क म्हणून लागायचा विचार असेल तर रुजू होताना क्रेडिट इतिहास बघतात आणि जुनी नोंद अद्ययावत झालेली नसेल तर सावकार बँकेचं ना-हरकत पत्र मागतात. त्यामुळे दाखल्याच्या मूळ प्रती दोन घ्या; एक पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) फाइलीत, दुसरी लॅमिनेशन न करता, कारण लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही.