झबलं वर करा, मिनिटभर श्वास मोजा

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा सेविका आहे. धानाची कापणी लागली की थंडी पडते आणि घरोघरी लेकरं खोकायला लागतात. माय विचारते, "ताई, खोकल्याचं औषध आहे का?" मी म्हणते, आधी झबलं वर कर.

खोकला किती आहे, त्यावरून फारसं कळत नाही. रात्रभर खोकणारं लेकरू सकाळी अंगणात खेळत असते, आणि डबा, म्हणजे न्यूमोनिया, झालेलं कधी कधी नीट खोकतही नाही. पाहायचा तो श्वास.

लेकरू शांत पाहिजे. रडत असेल, दूध ओढत असेल तर थांबा. झोपेत मोजलं तर उत्तम. उजेडात बसा, पोट वर आलं की एक धरा. मोबाइलवर टायमर लावून पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो. आकडा चुकतो म्हणून मी तुरीचे दाणे घेऊन बसते. दहा श्वास झाले की एक दाणा बाजूला. आमच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, एका आजीनं शाळा पाहिली नाही, पण दहापर्यंत तिला बरोबर येते. मी पोहोचायच्या आत ती मोजून मोकळी: "पाच दाणे सरले माय, मिनिट काही सरला नाही!" नातू सात महिन्यांचा होता. त्याला तसाच दवाखान्यात नेला.

मिनिटाला इतके श्वास भरले की दवाखाना: दोन महिन्यांच्या आतलं असेल तर सहा दाणे, म्हणजे 60 किंवा जास्त. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं असेल तर 50. एक ते पाच वर्षांचं असेल तर 40. तान्ह्याचे 60 भरले तर लगेच पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही भरले तर निघा. ताप आहे म्हणून धाप लागते, असं म्हणून बसू नका.

आकडा कमी आला तरी बरगड्यांखाली पाहा. श्वास आत घेताना तिथं खड्डा पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. लेकरू दूध-पाणी घेत नाही, सगळं ओकून टाकते, झटके येतात, हलवलं तरी डोळे उघडत नाही, ओठ निळे पडले, यातलं एकही दिसलं तर 108 लावा. दोन महिन्यांच्या आतल्याला नुसता ताप आला, किंवा अंग गार पडलं, तरी 108 लावायला तेवढंच पुरे. नेताना पोटाशी धरा, टोपी घाला. ओढत असेल तर दूध पाजत न्या. पोटावर गरम बिब्बा लावल्यानं कातडी जळते आणि तेवढा वेळ हातचा जातो.

न्यूमोनियाला बहुतेक अमॉक्सिसिलिन मिळते, वयावर किंवा वजनावर, दिवसातून दोनदा. गोळी विरघळणारी असते; चमच्यात मायचं दूध काढून त्यात विरघळवा. दुसऱ्या दिवशी लेकरू हसायला लागलं की माय उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवते, धाकट्यासाठी! ठेवू नका, सांगितले तेवढे दिवस पूर्ण द्या. दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. धाप वाढली तर त्याआधीच.

श्वास ठीक असेल तर ती सर्दी. दूध, वरणाचं कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब. मध वर्ष झाल्यावरच. खोकल्याचं सिरप मात्र मनानं आणू नका. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं किडन्या गेल्या म्हणून नागपूरला आणली, त्यातली कित्येक गेली. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं होतं. पॅरासिटामॉलचीही बाटली वाचा: 5 मिलीत कुठं 125 मिलिग्रॅम असते, कुठं 250. जुन्या मापानं नवी बाटली दिली तर डोस दुप्पट होतो.

आणि आमच्याकडं ताप म्हटला की बोट टोचून मलेरियाची पट्टी करायचीच, सर्दी दिसत असली तरी. पट्टी आशाकडं मिळते, पैसे लागत नाहीत.