हरलेला डाव तपासताना या चुका टाळा

रविवारी सकाळी सात रस्त्याजवळ मुलं बुद्धिबळ शिकायला येतात आणि पट मांडायच्या आधीच मोबाईल पुढे करतात. "सर, अक्युरसी ८७ आली, तरी हरलो." अक्युरसी म्हणजे चाली किती अचूक होत्या याचे ॲपनं दिलेले गुण, आणि चुकलेली चाल ते लाल दाखवतं. कुठं हरलास विचारलं की उत्तर तयार असतं, "एकतिसाव्या चालीला. लाल झालंय बघा की." डाव तपासणं म्हणजे लाल खूण शोधणं, हा समज आता पालकांमध्येही पसरलाय. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी इंजिन, मग डोकं

इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम. त्यातलं स्टॉकफिश जगज्जेत्यापेक्षाही भारी खेळतं, त्यात वाद नाही. पण ते फक्त उत्तर सांगतं. ती चाल खेळताना तुमच्या मनात काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं, आणि चूक तर तिथंच असते.

वर्गातल्या दहा वर्षांच्या एका मुलाचा डाव घ्या. (अक्षर आणि आकडा मिळून पटावरचं एक घर.) दोघांची प्यादी ई४ ई५, घोडे बाहेर, पांढऱ्याचा उंट सी४ वर, काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर. पांढऱ्याचा घोडा जी५ वर चढला, काळ्यानं डी५ केलं, पांढऱ्यानं ते प्यादं मारलं आणि आमच्या मुलानं लगेच घोड्यानं परत मारलं. पुढे एफ७ वर घोड्याचा बळी, राजानं तो मारल्यावर एफ३ वर वजिराचा शह, आणि डी५चा घोडा वाचवायला राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावं लागलं. इंजिननं सांगितलं, पाचव्या चालीला घोडा ए५ हवा होता. पोरानं ते पाठ केलं.

मी विचारलं, "तू का मारलंस?" तो म्हणाला, "त्यानं मारलं म्हणून." खरा रोग हा. दुसऱ्यानं मारलं की आपण मारायचं. ए५ पाठ करून हा रोग बरा होत नाही, पुढच्या डावात दुसऱ्या घरावर उभा राहतो. जी५चा घोडा आणि सी४चा उंट दोघंही एफ७ वर डोळा ठेवून आहेत, हे त्यानं स्वतः पटावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

माझी सवय अशी : त्याच संध्याकाळी, लाकडी पटावर, पेन्सिल घेऊन. जिथं जास्त वेळ घेतला तिथं काय विचार केला होता, कशाची भीती वाटली होती, ते लिहायचं. इंजिन दुसऱ्या दिवशी, आणि तेही खूण केलेल्या जागांपुरतंच. दीड तास जातो. ज्यांना दीड तास नाही पण रोज चाळीस ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळायला वेळ आहे, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. १९४८ साली जगज्जेता झालेला बोट्विनिकही स्वतःच्या डावांचं कठोर विश्लेषण करा, म्हणूनच सांगायचा.

खापर ओपनिंगवर, म्हणजे सुरुवातीच्या चालींवर, फोडणं

ही चूक मी स्वतः केली आहे. पुण्यातल्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत काळ्या सोंगट्यांनी हरलो. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलो आणि दौंड यायच्या आत निकाल देऊन टाकला, की सिसिलियन हे काळ्याचं ओपनिंग आपल्याला झेपत नाही. पुढचे आठ महिने कॅरो-कान हे दुसरं ओपनिंग घोकत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत तो डाव पहिल्यांदा पूर्ण मांडला. ओपनिंग ठीक होतं. मधला डावही बरोबरीचा. शेवटी प्रतिस्पर्ध्याकडे राजा डी५, हत्ती ए७ आणि ई५ वर एक प्यादं, माझा राजा ई८ वर आणि हत्ती एच६ वर. हीच ती स्थिती, जी फ्रेंच संगीतकार आणि बुद्धिबळपटू फिलिडोरनं १७७७ मध्ये उलगडून ठेवली आहे. हत्ती सहाव्या ओळीत धरून ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं सहाव्या ओळीत आलं की त्या राजाला आडोसा उरत नाही. तेव्हा हत्ती थेट तळाला, एच१ ला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. बरोबरी पक्की.

त्यानं प्यादं ई६ वर ढकललं. मी घाबरून हत्ती एच८ ला आणला, राजाच्या राखणीला. त्याचा राजा डी६ वर आला आणि ए८ वर मात दिसू लागली. राजा एफ८ ला पळवला तरी ए८चा शह बसतो, राजा जी७ ला जातो, एच८ वर हत्तींची अदलाबदल होते आणि त्याच्या प्याद्याला वजीर होण्यापासून कुणी अडवू शकत नाही. आठ महिने जे घोकलं, त्याचा या हरण्याशी काही संबंध नव्हता. म्हणून आता मी डाव शेवटाकडून मागे तपासतो. शेवटची बरोबरीची जागा सापडली की तिथं थांबतो.

बाकीच्या, थोडक्यात

जिंकलेला डाव न तपासणं. समोरच्यानं सोडून दिलेली संधी पुढचा सोडणार नाही.

इंजिननं दाखवलेल्या अधिक ०.३ आणि उणे ०.४ (कोण किती वरचढ, याचा आकडा; एक म्हणजे साधारण एक प्यादं) यांत जीव अडकवणं. आपल्या पातळीवर तेवढ्यानं डाव ठरत नाही.

डाव संपताच उठून जाणं. हॉलबाहेर प्रतिस्पर्ध्याला चहा पाजा आणि त्याला कशाची भीती वाटत होती ते विचारा. हे इंजिन सांगूच शकत नाही.

स्कोअरशीटवर नुसत्या चाली लिहिणं. प्रत्येक चालीपुढे उरलेली वेळही लिहा. पुण्याच्या त्या डावात, हत्ती एच८ ला नेण्याआधीच्या चालीपुढे माझ्याच अक्षरात १४ मिनिटं लिहिली आहेत. एच८ पुढेही १४.