व्हर्च्युअल पेशंटवर हिस्टरी घ्यायची प्रॅक्टिस कशी करायची
नर्सिंगच्या मुलामुलींनो, वॉर्डात जायच्या आधी हिस्टरी घ्यायची, म्हणजे पेशंटला विचारून त्याच्या त्रासाची माहिती काढायची, ही प्रॅक्टिस चॅटबॉटला पेशंट बनवून नक्की करून बघा. केस एकच ठरवा, समजा 55 वर्षांचे काका, छातीत दुखतंय, घाम फुटलाय, आणि चॅटबॉटला सांगा की तू हे काका आहेस, विचारल्याशिवाय स्वतःहून काही सांगायचं नाही, हे फार महत्त्वाचं कारण खरे पेशंटपण बीपीच्या गोळ्या बंद केल्यात हे पटकन सांगत नाहीत. सुरुवात मोकळ्या प्रश्नाने करा, "काका, काय होतंय?" मग कधीपासून, कुठे पसरतंय, दम लागतो का. नंतर काय विचारायचं राहिलं ते मॅडमसोबत बसून बघा, हे अजिबात टाळू नका. सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) मात्र मॅनिकिनवरच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावरच शिका, मोठ्या माणसाच्या छातीवर 5 ते 6 सेंमी दाब, मिनिटाला 100 ते 120 वेळा.