घुसखोरीच्या खुणा लॉगमध्ये कशा शोधाव्यात

संशयास्पद आयपी पत्त्यांची आणि फाइलींच्या हॅशची (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यादी सिस्टिममध्ये भरली की काम झालं, असं नसतं. पत्ता बदलणं हल्लेखोराला सोपं असतं, आणि फाइलमधला एक बाइट बदलला तरी तिचा एसएचए-२५६ हॅश पार वेगळा येतो. यादी असू द्या. नजर मात्र वागणुकीवर ठेवा.

विंडोजमध्ये आधी सिक्युरिटी लॉग (सुरक्षेशी संबंधित घटनांची नोंदवही) उघडा. तिथे प्रत्येक प्रकारच्या घटनेला एक क्रमांक असतो. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे जमलेलं. एकाच पत्त्यावरून पन्नास खात्यांवर एकेक ४६२५ दिसला, तर तो पासवर्ड स्प्रे, म्हणजे एखाददुसरा पासवर्ड अनेक खात्यांवर लावून बघणं. खातं लॉक होऊ नये म्हणून प्रयत्न मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे खात्यानुसार मोजणारा अलर्ट वाजतच नाही. मोजणी पत्त्यानुसारही लावा. त्याच पत्त्यावरून पाठोपाठ ४६२४ आला, तर लगेच पुढच्या नोंदी चाळा: ४७२० नवं खातं, ४७३२ लोकल ग्रुपमध्ये भरती, सिस्टिम लॉगमधला ७०४५ नवी सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम). ११०२ म्हणजे लॉगच पुसला. कोणी आणि का, हे कळेपर्यंत ती नोंद बंद करू नका.

प्रोसेस (चालू झालेला प्रोग्रॅम) सुरू झाल्याची नोंद ४६८८ मध्ये येते, पण तिचं ऑडिटिंग, म्हणजे नोंद ठेवणं, चालू करावं लागतं आणि कमांड लाइनसाठी (प्रोग्रॅमला दिलेली पूर्ण आज्ञा) वेगळी पॉलिसी लागते. ती विसरलात तर पॉवरशेल (विंडोजचं आज्ञा चालवण्याचं साधन) चालला एवढंच कळतं. त्यात काय चालवलं, ते नाही. वर्डमधून पॉवरशेल सुरू झाला असेल तर तो तपासल्याशिवाय सोडू नका. एसव्हीसीहोस्ट (svchost.exe, विंडोजच्या सर्व्हिस चालवणारी प्रोसेस) सहसा सर्व्हिसेस (services.exe) या प्रोसेसमधूनच सुरू होतो; त्याच नावाची फाइल टेम्प फोल्डरमधून चालत असेल तर ती बनावट समजा.

नेटवर्कवर दर साठ सेकंदांनी, जवळपास सारख्याच आकाराचं पॅकेट एकाच ठिकाणी जात असेल तर ते बीकन, म्हणजे मालवेअरने हल्लेखोराच्या सर्व्हरला ठराविक वेळाने दिलेली हाक, असू शकतं. अँटिव्हायरस आणि अपडेटरही असेच वागतात, म्हणून कनेक्शन कुठल्या प्रोसेसने उघडलं ते बघा. चलाख मालवेअर मधल्या अंतरात थोडा फरक टाकतं; नेमके साठ सेकंद शोधत बसाल तर ते निसटेल. डीएनएसमध्ये (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) एकाच डोमेनखाली शेकडो लांबलचक, अर्थहीन सबडोमेन दिसले, तर त्यातून डेटा बाहेर जात असल्याची शक्यता धरा.

खूण पक्की वाटली तरी मशीन रीस्टार्ट करू नका. मेमरीतला पुरावा जातो. नेटवर्कपासून तोडा, आधी मेमरीची प्रत घ्या, मग डिस्कची. घटनाक्रम लावताना वेळ तपासा: इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजचे लॉग दाखवणारं साधन) स्थानिक वेळ दाखवतो, फायरवॉलची नोंद मात्र यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) असू शकते.